कुंपणाशी ठेवलेला नारळ

नारळी पौर्णिमेला कापराचा वास आला की भावाचा तो कुर्द मित्र आठवतो. पुण्यात भावाबरोबर शिकायचा, एकदा सणाला आमच्याकडे आला होता. बंदरासाठी आमचा कोळीवाडा उठवला, तेव्हापासून सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ आम्ही बंदराच्या गंजक्या जाळीशी ठेवतो. समुद्र पलीकडे, कंटेनरांच्या मागं. तो ते बघत जाळीशी उभा राहिला. घरी आल्यावर त्यानं मोबाइलवर एक जपानी कार्टून मालिका लावली. तिच्यात गावातून हाकललेली माणसं दर वर्षी बंद फाटकापाशी फुलं ठेवून मागं फिरत होती. "आमची कुर्दांची गावंही अशीच उठवली. आमच्याकडे हे लागलं की चहाच्या दुकानात म्हातारेसुद्धा रडतात," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "जपान्यांना आमचं कसं कळलं, असं विचारतात." भाषेतलं अक्षर कळत नसताना बाबा शेवटपर्यंत बघत बसले. मग म्हणाले, "पोरा, फुडं फाटक उघडतंय का न्हाय?" त्यानं मोबाइल पालथा ठेवला. "नाही, काका. पुढं फुलं ठेवणारेच कमी होत जातात." यंदा जाळीशी नारळ ठेवायला मी एकटीच होते.