दार पाठीमागच्या पानावर

फोन आला तेव्हा मी शेलूबाजारच्या फाट्यावर, चहाच्या टपरीसमोर उभा राहून बिबट्याची गोष्ट सांगत होतो. बिबट्या सुरुवातीला मांजराएवढाच होता, पण ऐकणारे वाढत गेले तसा तोही वाढला आणि तोवर त्याचं शेपूट मंगरुळपीरच्या हद्दीत पोचलं होतं. फोन सुधाकर तायडेच्या मुलाचा. "काका, बाबा गेले," एवढंच बोलला. मी फोन खिशात ठेवला. समोरच्यानं विचारलं, "मंग बिबट्याचं काय झालं?" मी म्हटलं, "गेला." सगळे हसले. म्हाताऱ्यानं शेवट हातचा राखून ठेवला, असं त्यांना वाटलं... आयुष्यात पहिल्यांदा मी एका शब्दात खरं बोललो होतो आणि ते कुणालाच पटलं नव्हतं.

त्याला जाऊन आता महिना होत आला. छापून आलं ते असं, की मालेगावच्या शाळेतले निवृत्त कारकून वृद्धापकाळानं वारले. हे म्हणजे वाघाच्या मढ्यावर 'एक जनावर मेलं' अशी पाटी लावण्यासारखं झालं. सुधाकर कारकून होता, कबूल. पण सत्तरच्या दशकात, वाशीम अजून अकोल्याचंच एक तालुक्याचं गाव होतं तेव्हा, हा माणूस मालेगावच्या एसटी स्टँडसमोर आमच्या हॉटेलात बसून चित्रकथा काढत होता. राजा-राक्षसाच्या नव्हे. मोठ्या माणसांच्या, ज्यांत कुणी उडत नाही, कुणी जिंकत नाही, एक माणूस नुसता खोलीत बसलेला असतो. घनवाद, अतिवास्तववाद असे जड शब्द मी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकले आणि मला वाटलं, ही खताची नावं असतील. पॅरिसात जे व्हायला कित्येक वर्षं लागली, ते आमच्याकडे भज्यांच्या दोन घाण्यांच्या मधल्या वेळात झालं. यात अतिशयोक्ती असेल तर ती फक्त घाण्यांच्या संख्येची.

त्याचं असं झालं. हॉटेल माझ्या वडिलांचं. दादा भजी बांधायला अकोल्याहून रद्दी आणत. एकदा त्या रद्दीत कुठल्या तरी साहेबाघरची विलायती साप्ताहिकं निघाली. विमानानं यायची म्हणे, म्हणून कागद पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. त्यांत आधुनिक चित्रकलेवर लेखमाला होती. सुधाकर नुकताच नोकरीला लागलेला. रोज संध्याकाळी यायचा, भजी खायची आणि कागद झटकून, घडी करून खिशात घालायचा. आमचे दादा म्हणायचे, "भजे आमचे खाते अन् गुन कागदाचे गाते." एके दिवशी त्यानं मला एक कागद दाखवला. एका बाईचा चेहरा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, आणि तेल मुरून मागच्या पानावरची मोटारगाडी तिच्या गळ्यातून आरपार निघालेली. "पाह्य मध्या," तो म्हणाला, "याले म्हनतेत चित्र. मानूस बी दिसते अन् त्याच्या मागचं बी दिसते." मोटार चित्रकारानंच काढली, अशी त्याची खात्री होती. पुढे अकोल्याच्या वाचनालयात तेच चित्र त्याला जाड पुस्तकात सापडलं, स्वच्छ, कोरं करकरीत. तो बराच वेळ बघत राहिला. मग पुस्तक मिटून म्हणाला, "अधुरं आहे. मोटार नाही काढली अजून."

मी पोट धरून हसलो. पण हसण्यावर नेऊ नका. जगातल्या सगळ्या चित्रकारांनी एका चुकीवर मिळून काम केलं असतं, तरी त्यांना जे सुचलं नसतं ते याला त्या चुकीतून सुचलं. शाळेत प्रश्नपत्रिका छापायला सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. मुख्याध्यापक भला माणूस. परीक्षा आटोपली की यंत्र वापरू द्यायचा. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं चित्र कोरायचं, शाई भरायची, हँडल फिरवायचं. त्या साप्ताहिकात जर्मन लोकांचे लाकडी ठशांचे काळेकुट्ट चेहरे होते, त्याला तसा अंधार हवा होता. पण स्टेन्सिलवर काळं भरायला गेलं की ते फाटतं. मग हा पठ्ठ्या अंधारसुद्धा पेरल्यासारखा काढायचा, बारीक बारीक रेघांचे तास, एकाला लागून एक. चौकटीही सरळ आखायचा नाही. त्याची माय जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची, तशा वेड्यावाकड्या तुकड्यांसारख्या त्याच्या चौकटी एकमेकींना टाचलेल्या. कोलाज नावाची गोष्ट तुम्ही विलायतेत शोधा, याच्या अंगावर ती रोज पांघरलेली होती.

या पानांतून जमेल तेव्हा निघणाऱ्या अनियतकालिकाचं नाव त्यानं ठेवलं 'तेलकट'. त्यातली मोठी चित्रकथा म्हणजे 'खोली'. पानाच्या पुढच्या बाजूला खोली, तिला दार नाही, खिडकी नाही. आत एक माणूस. तो उठतो, भिंत चाचपतो, बसतो. पुढच्या चौकटीत पुन्हा तेच, फक्त भिंती बोटभर जवळ आलेल्या. आणि दार? दार पानाच्या मागच्या बाजूला छापलेलं, नेमकं त्याच भिंतीच्या पाठीशी. कोरडं वाचलं तर माणूस अडकलेला. अंक मिळायचा फक्त आमच्या हॉटेलात, भज्यांखाली. एकेक भजं उचललं की तेल मुरत जायचं आणि भिंतीतून हळूहळू दार उगवायचं. यंत्र थोडं सरकलं की घोटाळा व्हायचा. एका अंकात दार छतात गेलं, एकात थेट माणसाच्या पोटात. त्यावर अनसिंगहून बाजाराला आलेला एक शेतकरी म्हणाला होता, "हे बरोबर आहे बाप्पा, गरिबाले पोटातूनच रस्ता काढा लागते." पण दार जेव्हा जागेवर यायचं तेव्हा बाकावरची माणसं ओरडायची. "निंघालं, निंघालं! दार निंघालं!" दादांचं बेसन त्या वर्षात दुप्पट खपलं. लोक दुसरी प्लेट भुकेनं मागवत नव्हते. तो माणूस बाहेर निघाल्याशिवाय त्यांना उठवत नव्हतं.

बाहेर निघायचं होतं ते खरं तर सुधाकरला. कुठल्याशा पत्त्यावर त्यानं 'तेलकट'चे अंक मुंबईला पाठवले होते. तिथल्या लघु-अनियतकालिकवाल्या मंडळींनी, चित्रकार होते त्यांत, उलट टपाली कळवलं, की निघून ये. राहायची सोय आहे, छापखान्यात काम आहे, 'खोली' आम्ही संग्रहात छापतो आहोत. त्यानं राजीनामा लिहून ठेवला. घरात सांगितलं. त्याचे बाबा शेतमजूर, मोजकं बोलणारे. हॉटेलाच्या बाकावर माझ्यासमोरच झालेलं बोलणं आहे हे.

"मले याच गावात वट्ट्यावर बसू नोहते देत," बाबा म्हणाले. "बौद्ध झालो, तुले शिकोलं. आपल्या अख्ख्या घरात खुर्चीवर बसनारा तू पह्यला. अन् तू खुर्ची सोडून चित्रं काढाले चालला?"

"बाबा, मी तिथं बसून बसून मरून राह्यलो."

"बसून कोनी मरते का?" बाबांनी खरंच विचारलं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं, कारण ते कधी बसलेच नव्हते. मग म्हणाले, "जाय. मी धरून नाही ठेवत. तुह्या माईले तेवढं सांगून जाय."

मायनं घरी प्रवासाच्या दशम्या करायला घेतल्या. मी मात्र खूप बोललो. मुंबईत तुझा पुतळा उभारतील आणि तोही घनवादी, म्हणजे कावळ्यांना नेमकं कुठं बसावं ते कळणार नाही, वगैरे. तो हसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याची गाडी होती, तिथून पुढे मुंबईची रेल्वे.

आणि निघायच्या आदल्या दुपारी पोस्टमननं मुंबईचं पार्सल आणलं. संग्रह छापून आला होता. काय देखणा होता महाराजा! जाड, पांढराशुभ्र आर्ट पेपर, आरसा वाटावा असा. हात लावायच्या आधी मी धोतराला हात पुसले. 'खोली' अगदी मधोमध. प्रस्तावनेत तिचं तोंड भरून कौतुक, दार नसलेला आधुनिक माणूस, त्याची घुसमट, युरोपातल्या कुठल्या कुठल्या चळवळींशी नातं. सुधाकरनं ते वाचलं. पान उलटलं. मागच्या बाजूला दार नव्हतं, दुसऱ्याच कुणाची कविता होती. मागची रेघोटी म्हणजे शाई फुटून आलेली घाण आहे, असं समजून मुंबईवाल्यांनी ती काढून टाकली होती.

तो शांतपणे म्हणाला, "मध्या, भजे आन."

"अबे, खराब होईन ते..."

"आन म्हनलं ना."

मी गरम प्लेट आणली. त्यानं एक भजं उचलून त्या भिंतीवर ठेवलं. हॉटेलातली सगळी माणसं उठून भोवती आली. बाबाही आले, मागे उभे राहिले. आम्ही वाट पाहिली. त्यानं भजं उचललं. तेलाचा थेंब त्या गुळगुळीत कागदावर नुसता बसून होता, अळवाच्या पानावर पाणी बसतं तसा. मुरला नाही. सुधाकरनं बोटानं तो पुसला, आणि पान पुन्हा होतं तसं, चकचकीत, कोरडं.

"मानूस आतच राह्यला," तो म्हणाला.

सकाळी गाडी आली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. गाडी गेली. सुधाकर साडेदहाला शाळेत जाऊन खुर्चीवर बसला.

मी त्याच्याशी भांडलो. अरे, तिथं जा, त्यांना सांग, पातळ कागदावर छापा म्हणावं! तो म्हणायचा, "ज्याइले दार घान वाटली, त्याइच्या घरी मी कुठून जाऊ?" मला हे कारण फार आवडलं. इतकं आवडलं की आयुष्यभर मी ते गावोगाव सांगत फिरलो, दर वेळी थेंब थोडा मोठा करत.  तो लग्न करून राहिला, धाकट्या भावंडांना मार्गी लावलं, बाबांना दम्यात सांभाळलं. यंत्र मोडीत निघालं, झेरॉक्सचा कागद जाड निघाला, 'तेलकट' बंद पडलं. तो हातानं एकेक प्रत काढत राहिला, कुणाला न दाखवता. कुणी मुंबईचा विषय काढलाच, तर म्हणायचा, "आपलं बरं हाये इथं." बरं हाये म्हणताना त्याचे डोळे, ते चित्रातल्या बाईसारखे, दोन्ही एकाच बाजूला बघायचे... गाड्या निघतात त्या बाजूला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी वहिनींना ही आर्ट पेपरची हकीकत सांगितली. मला वाटलं, त्यांना ठाऊक असेल. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, मले तं त्याइनं येगळंच सांगतलं होतं. म्हने, बाबानं 'जाय' म्हटलं, त्याच्यानंच पाय नाही उचलला. रोकलं असतं तं पयालो असतो." मुलाला त्यानं सांगितलं होतं, की मुंबईचं पाणी सोसणार नाही असं वाटलं. मुख्याध्यापकांना म्हणे पाठदुखी. गावात थापाड्या म्हणून मी बदनाम, आणि हा निमूट माणूस प्रत्येकाला एकेक खरं वाटेल असं कारण वाटून मोकळा झाला! मोकळा तरी कशाला म्हणू...

वहिनींनी मला त्याची खोली दाखवली. रस्त्याकडच्या बाजूची, लहानशी. खाली गादी, मांडीवर पाट घेऊन, भिंतीला टेकून तो काढत बसायचा. टेकायच्या जागी, डोक्याच्या उंचीवर, चुन्यावर डाग होता. खोबरेल तेलाचा. परातीएवढा म्हणायची माझी जीभ, पण खरं सांगतो, तळहाताएवढाच.

"पोरगा म्हनते, रंग मारून घेऊ," वहिनी म्हणाल्या. "म्या म्हटलं, मार, पन तेवढी जागा सोडून मार."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी गुडघे धरत धरत खाली बसलो आणि डोळा अगदी त्या डागाजवळ नेला. इतक्या वर्षांचं तेल त्या भिंतीत मुरलं होतं. पलीकडून अकोल्याची गाडी गेली. भिंत हलकीशी थरथरली, आवाज आला, दूर जाईपर्यंत येत राहिला. दिसलं मात्र काही नाही.