पाहुण्यांच्या गाडीला जॅमर

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. म्हणजे हसाल तुम्ही, ते मला माहीत आहे. निदान चहा तोंडात असताना तरी हसू नका.

आमचं अपार्टमेंट राजारामपुरीत. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला क्लासेस. त्यामुळे खालच्या पार्किंगमध्ये आमच्या गाड्या सोडून अख्ख्या गावाच्या गाड्या. हटकलं की एकच उत्तर, "दोन मिनिटं ओ मॅडम." आता दोन मिनिटांत दाढ कुणाची निघते, सांगा बघू?

मी सोसायटीची सेक्रेटरी. निवडून वगैरे आलेली नाही. मीटिंगला सगळे खाली मान घालून बसले होते आणि मी तेवढं वर बघितलं. पण पद मिळाल्यावर गप्प बसणारी बाई मी नव्हे. मी एक खासगी पार्किंग कंपनी आणली. त्यांनी पाटी लावली, दिगंबर नावाचा माणूस खाली बसवला आणि त्याच्या हातात पिवळा जॅमर दिला. बाहेरची गाडी दिसली की चाक जखडायचं. दंड भरा, गाडी सोडवा. मी दिगंबरला बजावलं होतं, ओळख सांगणाऱ्याला सोडायचं नाही आणि माझं नाव सांगणाऱ्याला तर मुळीच नाही. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या माने काकूंचा जावई सापडला. काकू रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

काय रुबाब होता हो माझा तेव्हा!

अशातच आमच्या मुलीला, पल्लवीला, स्थळ आलं. मुलगा कागलच्या एमआयडीसीत इंजिनिअर, माणसं गडहिंग्लजची. पल्लवीला फोटो आवडला होता. आमच्या घरात ही घटना पहिल्यांदाच घडत होती, त्यामुळे मी देव पाण्यात ठेवायचे तेवढे बाकी होते. रविवारी मुलगा आणि त्याचे आईवडील यायचे ठरले. मी घर घासलं, पडदे बदलले, ह्यांचा शर्ट बदलायला लावला. पाहुण्यांना फोन करून सांगितलं, गाडी खुशाल आमच्या पार्किंगमध्ये लावा. सगळ्यांना सगळं सांगितलं. फक्त दिगंबरला सांगायचं राहिलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील, चौगुले अण्णा, अगदी कमी बोलणारे. पोहे झाले, चहा झाला आणि मग अशा कार्यक्रमात पसरतेच ती शांतता पसरली. सगळे पंख्याकडे बघायला लागले. मी सहज गॅलरीतून खाली डोकावले, तर दिगंबर एका पांढऱ्या गाडीला जॅमर लावत होता.

चला, विषय तरी मिळाला!

मी अण्णांना मुद्दाम गॅलरीत बोलावलं आणि आमची व्यवस्था दाखवली. म्हटलं, आता मालक येईल आणि दोन मिनिटं म्हणून गयावया करील. असल्या माणसांना घरचं वळणच नसतं. गाडी कुठं लावली त्यावरून मला खानदान कळतं.

अण्णा कठड्यावर हात ठेवून मन लावून ऐकत होते. त्यांनी विचारलं, दंड नाही भरला तर? मी म्हटलं, गाडी इथंच, मालकानं एसटीनं जावं. मालक वयस्क असला तर? मी म्हटलं, वयस्कच जास्त निर्लज्ज असतात. मागे आमचे हे सारखे खाकरत होते. मला वाटलं, पोह्यातली मिरची.

अण्णांनी मान डोलावली आणि शांतपणे म्हणाले, "ताई, मग गडहिंग्लजची एसटी किती वाजता हाय?"

आणि मी उत्तर दिलं हो! म्हटलं, एसट्या भरपूर आहेत, पण तुम्हाला कशाला एसटी, तुम्ही तर गाडीनं आलाय... आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

नवी सिल्कची साडी सावरत मी जिना उतरले. दिगंबरला म्हटलं, काढ आधी तो जॅमर. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव सांगणाऱ्याला मुळीच सोडायचं न्हाई म्हणालता."

"अरे, मी नाव सांगत नाहीये. मी स्वतः आहे!"

"सगळी असंच म्हणत्यात," दिगंबर म्हणाला.

शिवाय गाडीचा फोटो कंपनीकडे गेलेला. आता त्याच्या हातात काही नाही म्हणे. मग मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. म्हणाली, सेक्रेटरी मॅडमनी सांगितलं तर सोडता येईल, त्यांना विचारून घेते, तुम्ही लाइनवर थांबा. मी थांबले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "सॉरी मॅडम, सेक्रेटरींचा फोन बिझी लागतोय."

बिझी लागणारच ना! मी तिच्याशीच बोलत होते!

एव्हाना सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. माने काकूंनी तर खुर्ची आणून ठेवली होती. आणि त्या सगळ्यांच्या देखत मी दिगंबरपुढे हात जोडून म्हणत होते, दोनच मिनिटं रे बाबा, दोनच मिनिटं.

शेवटी ह्यांनी मुकाट्यानं मोबाइलवरून दंड भरला. तर कळलं, जॅमरची किल्ली कंपनीच्या दुसऱ्या माणसाकडे, आणि तो गेलाय बायकोला घेऊन पन्हाळ्याला फिरायला. मग काय! हे बाहेरून मटणाची ताटं घेऊन आले, मी वाढत राहिले आणि अण्णा रस्सा ओरपत राहिले. मी दर थोड्या वेळानं गॅलरीत जाऊन किल्लीची वाट बघायची. पल्लवी आणि तो मुलगा तेवढे आतल्या खोलीत गप्पा मारत बसले होते. ऊन उतरल्यावर किल्ली आली आणि पाहुणे गेले.

स्थळ गेलं, अशी माझी खात्रीच झाली. स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडलेसुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन! मुलगी पसंत आहे, पुढची बोलणी करायला कधी येऊ?

झालं, मी पुन्हा चढले. सगळ्या नात्यात सांगत सुटले की माणसं शिस्तीची आहेत, म्हणून त्यांना माझी शिस्त भावली. साखरपुडा झाल्यावर पल्लवीलाही ऐकवलं, बघ, तुझ्या आईमुळं जमलं.

पल्लवी म्हणाली, "आई, मी त्याला विचारलंय. म्हटलं, आईचा तो सगळा अवतार बघून तुम्ही लोक उठून कसे गेला नाहीत?"

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, उठलोच होतो की. गाडीच सुटंना."