आत्यानं वसवलेलं रिकामं गाव

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आत्याचं गाव धरणात जाणार होतं. ते बुडायच्या आधी एकदा बघून यायचं ठरवलं आणि सोलापूरच्या भवानी पेठेतून चालत स्टँड गाठला. सकाळच्या एसटीनं टेंभुर्णी. तिथं पाणी भरून घ्यावं, पुढं मिळत नाही. पुढचा कच्चा रस्ता बैलगाडीनं.

गाडीवान म्हणाला, "आत्या जुन्या गावात न्हाय आता. नव्या वसाहतीत हाय. एकटीच."

ही वसाहत सरकार आणि एक साखर कारखाना मिळून उभारत होते. घरं सरकारनं बांधली, पाणी कारखान्यानं आणायचं. कारखाना म्हणे, लोक राहायला आले की पाइप टाकू. लोक म्हणत, पाणी आलं की येऊ. तिकडं धरणाची भिंत वाढत होती.

पोचले तेव्हा दिवस मावळला होता. एकसारख्या घरांच्या ओळी आणि खिडकीखिडकीत उजेड. पण ना धूर, ना कुत्रं, ना माणूस. एका दारातून डोकावले. कोनाड्यात पणती, बाकी कोरी जमीन. शेजारच्या घरातही तेच.

मग आत्या दिसली. एका रिकाम्या दारात उभी राहून, जुन्या गावातल्या शेजारणीला विचारावं तसं विचारत होती, "काशे, जेवलीस का गं?" थोडं थांबली, मान हलवली, पुढच्या दाराशी गेली.

मला भाकरी आणि शेंगाचटणी वाढताना म्हणाली, "कारखान्याचा सायेब सांजच्याला रस्त्यानं जातो. म्हनला, एका म्हातारीला गाव म्हनत न्हाईत. म्हून दिवं लावती."

"आणि हाका?"

"त्या माझ्यासाठी."

समोर, ओळीच्या टोकाला, छप्पर नसलेल्या अर्धवट घरात उजेड होता.

"तिथंही लावलीस?"

"न्हाय. तितला आपला आपनच लागतो." ती जेवत राहिली.

सकाळी जाऊन बघितलं. तिथं काजळी नव्हती, तेलाचा डागही नव्हता.

"सोलापूरला चल," मी विनवलं.

"मी हलले की ह्ये गाव बी गेलं, पोरी."

मी एकटीच परतले. पावसाळ्यानंतर पाइप पडले. दिव्यांमुळं की आणखी कशामुळं, कोण जाणे. माणसं आली, चुली पेटल्या.

दिवाळीला आत्या आमच्याकडं आली. नवी पेठेत लुगडं घेताना मी म्हणाले, "आता गाव भरलं की."

"व्हय," ती म्हणाली. "मानसं आल्यापास्नं लई एकटं वाटतंय."

दुकानदारानं दुसरं लुगडं उलगडलं. आम्ही दोघी काठ बघत बसलो.