पत्र्यावरचा सर्जा

माझ्या मेहुणीच्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामांना, जगातली कुठलीही गोष्ट बैलासारखी पारखता येते, आणि त्यांच्यासमोर घटकाभर बसलेल्याला आपण माणूस की बैल हेच उमगेनासे होते. घोडेगावच्या बाजारात त्यांनी जन्मभर जनावरांची दलाली केली. पहिल्याच भेटीत मला अंगणाच्या टोकापर्यंत चालायला लावून ते माझ्या बायकोला म्हणाले, "पाव्हणं गरीब हायेत, पर मागला डावा पाय वढत्यात." मागला डावा म्हणजे नक्की कोणता, हे मला अजून समजलेले नाही.

दुसऱ्यांची जनावरे विकणाऱ्या या माणसाने स्वतःचा सर्जा बैल कधी विकला नाही. तो म्हातारा होऊन गोठ्यातच गेला. मग मामांनी गोठ्याचा एक पत्रा काढून अंगणात आडवा टाकला, पोळ्याला शिंगे रंगवून उरलेले डबे उघडले आणि काडीने रंगाचे थेंब, ओघळ, शिंतोडे त्यावर सांडत बसले. एक दिवस मला बोलावून म्हणाले, "ह्यो आपला सर्जा." मी चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले. "वशिंड कुठाय, मामा?"

"तुमी त्याच्यावरच उभं ऱ्हायलाय. सरका." मी सरकलो.

मेहुणी संगमनेरच्या एका महाविद्यालयात शिकवते. तिथे मुलींच्या वसतिगृहासाठी चित्रांचा लिलाव निघाला, तेव्हा तिने तो पत्रा मागितला. "लेकींचं काम हाय, न्या," मामा म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

लिलावाला मात्र स्वतः पहिल्या रांगेत. कोणी बोली लावली की उठून विचारायचे, "तुमच्याकडं सावली हाय का?" लोकांना वाटले, आधुनिक चित्रकलेत असेच असते. संगमनेरच्याच एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमच्या ओसरीत दिवसभर सावली असते." त्याबरोबर मामांनी लिलाव पुकारणाऱ्याचा हात हातोडीसकट उपरण्याखाली ओढला आणि जनावरांच्या बाजारात भाव ठरवतात तशी बोटे दाबली. सौदा झाला; कितीला, ते त्या बिचाऱ्यालाही कळले नाही.

पत्रा सर्जाच्याच दाव्याने टांगला होता. मामांनी ते सोडून खांद्यावर टाकले.

"मग आम्ही हा टांगायचा कशाने?" बाई गोंधळल्या.

"जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत, बाई."

ते दावे आता रिकाम्या गोठ्यात खुंटीला बांधलेले असते. परवा मला म्हणाले, "संगमनेरला चाललाय, तर जरा त्याला बघून या." मी जाऊन बघून आलो. बैल कुठे आहे ते मला तिथेही दिसले नाही, पण सावली होती, तसे सांगितले.

मामांनी खुंटीवरच्या दाव्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "वळखलं का त्यानं तुमाला?"

"हो," मी म्हणालो.