पुठ्ठ्याच्या पोत्यातली सुई

हिंजवडीजवळच्या एका खासगी नर्सिंग होमच्या मालक डॉक्टरने मला फसवलं. पुठ्ठा म्हणून त्याने मला वापरलेल्या सुया विकल्या आणि त्यातली एक माझ्या अंगठ्यात घुसल्यावर चुकीचा सल्ला देऊन माझे दोन दिवस खाल्ले.

हे मला कळलं ते पौडच्या सरकारी दवाखान्यात. माझी बायको नसीम सातव्या महिन्यात होती, तिला तपासणीला घेऊन गेलो होतो. गरोदर बायकांची एचआयव्हीची तपासणी होते तिथे एक समुपदेशक मॅडम बसतात. माझ्या अंगठ्याची पट्टी बघून त्यांनी सहज विचारलं, मी सांगितलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“किती वेळ झाला, भाऊ?”

“झाले की दोन दिवस.”

“दिवस नको. तास सांगा.”

सत्तेचाळीस.

सुई टोचल्यावर एचआयव्ही अंगात रुजू नये म्हणून औषध असतं. त्याला पोस्ट एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस म्हणतात, थोडक्यात पीईपी. ते जितकं लवकर तितकं चांगलं, आणि बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावंच लागतं. नंतर उपयोग नाही. म्हणजे माझ्या हातात पंचवीस तास उरले होते आणि मी मात्र निवांत अंगठ्याला हळद लावत होतो.

माझं नांदे गावात भंगाराचं गोदाम आहे. सायकलवर रद्दी गोळा करत सुरुवात केली, आज दोन टेंपो आहेत. पुठ्ठा विकणारे लोक मधल्या थरावर पाणी मारतात, वजन वाढावं म्हणून. त्यामुळे मी प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपतो. ओला पुठ्ठा मला कुणी खपवू शकत नाही, याचा मला फार तोरा होता. त्या सोमवारीही तसाच हात घातला. पुठ्ठा कोरडा होता. त्याच्या खाली सिरिंजा होत्या, सुयांसकट, आणि मला टोचलेल्या सिरिंजमध्ये रक्त होतं.

मी अंगठा तोंडात घालून चोखला. तुम्ही असं करू नका. दाबून रक्तही काढू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा.

मी काय केलं, तर ज्याने सुया भरल्या त्याच डॉक्टरला फोन केला. “काही होत नाही हो,” तो म्हणाला. “धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. फारच वाटलं तर तीन महिन्यांनी टेस्ट करा.”

भिंतीवर दोन पदव्या काचेत लावल्या आहेत त्याने. बहात्तर तासांची गोष्ट त्याला माहीत नसेल तर त्याने पाटी उतरवावी. माहीत असेल तर त्याला काय म्हणावं, ते इथे छापता येणार नाही.

दुपारी पुण्याच्या सरकारी रुग्णालयात पोचलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई घाबरवणाऱ्या नव्हत्या. “धोका कमी आहे,” त्या म्हणाल्या, “पण रक्त कोणाचं ते माहीत नाही. म्हणून सुरू करू.” एका गोळीत तीन औषधं. रोज ठरलेल्या वेळी, अठ्ठावीस दिवस. रक्त घेतलं, कावीळ बी म्हणजे हिपॅटायटिस बीची लस दिली. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापरा, पोटातल्या बाळासाठी तरी, असं नसीमसमोर सांगितलं. मी खाली बघत होतो. ती सरळ डॉक्टरीणबाईंकडे बघत होती.

गोळ्यांनी मळमळ व्हायची, डोकं जड व्हायचं, झोप उडायची. सहाव्या दिवशी मी म्हणालो, एक दिवस सुट्टी घेतली तर काय बिघडेल?

“जन्मभर सगळ्यांशी घासाघीस केलीत,” नसीम म्हणाली. “आता गोळीशी नको. घ्या, पाणी.”

त्याच आठवड्यात शेवंताबाईला सांगितलं, त्या नर्सिंग होमचं पोतं उघडायचं नाही. ती वरच्या कातकरी वाडीतून येते, आठ वर्षं माझ्याकडे माल निवडते. ती हसायलाच लागली.

“शेट, एक सुई टोचली तर पुन्याला गेला व्हय? मला लई येळा टोचल्यात. चुना लावते नि बसते निवडाया.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुमी काय म्हनला असता? हात चालव म्हनला असता.”

तसंच म्हणालो असतो.

तिला घेऊन तपासणीला गेलो. एचआयव्ही नाही. हिपॅटायटिस बी आहे. हा यकृताचा आजार, वर्षानुवर्षं आत गुपचूप राहतो आणि मग यकृत पोखरतो. आता तिला कायम तपासण्या, लागलं तर औषध. घरच्यांच्या तपासण्या वेगळ्या. कुठून आलं ते सिद्ध करता येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं.

तिला आणि तिचा रिपोर्ट घेऊन मी नर्सिंग होमला गेलो. डॉक्टरने तिच्याकडे बघितलंही नाही. “शकीलभाई, अशा बाईला कुठूनही होतं हो. तुम्ही धंदेवाले, समजून घ्या. यापुढचा सगळा पुठ्ठा तुम्हालाच, फुकट.”

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याची ऑफर ऐकून उलटा भाव सांगितला नाही. शेवंताबाईला घेऊन सरळ बाहेर पडलो.

माझे सहा आठवड्यांचे आणि तीन महिन्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. मुलगी झाली, ठणठणीत आहे. पौडच्या मॅडमनी तास विचारले नसते तर मी तीन महिने मूर्खासारखा वाट बघत बसलो असतो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आता गोदामात जाड हातमोजे आहेत आणि पोती जमिनीवर पालथी करून फावड्याने पसरतो.

शेवंताबाईला आठ वर्षं मी हातमोजे दिले नाहीत. ते माझं पाप, आणि तिच्या तपासण्यांना मी स्वतः तिला घेऊन जातो. पण डॉक्टर, सुया वेगळ्या जाड डब्यात टाकून दवाखान्यांच्या कचऱ्याच्या ठरलेल्या गाडीला पैसे मोजून द्यायच्या असतात, हे तुला शिकवलं होतं, मला नाही. मी लेखी तक्रार दिली आहे. तिला तू उत्तर देशील तेव्हा देशील. त्याआधी शेवंताबाईच्या समोर बस, तिच्या तोंडाकडे बघ आणि सांग: त्या सुया पुठ्ठ्याखाली कोणी लपवायला लावल्या?