चांदणी कोणाची?

आमच्याकडे घोडीचा विषय निघाला की चहा गार झालाच म्हणून समजा. एक किस्सा संपत नाही तोच दुसरा आठवतो, आणि प्रत्येकात कोणीतरी कोणावर तरी जळत असतंच!

चांदणी किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायची. लंगडायला लागली तशी मालकाने सोडून दिली. मी तिला आणून आरे-वारेजवळ माझा मित्र दिल्या याच्या आंब्याच्या बागेत ठेवली. माणूस दिसला की थरथरायची बिचारी.

* * *

रोज सकाळी मी गूळ घेऊन जायचो. तिच्याकडे पाठ करून बसायचो आणि हळूच म्हणायचो, "ये गो राणी, ये गो बाय!"

एकदा मागून आवाज आला. आमची सौ., सुमन!

"लग्नाला इतकी वर्षं झाली, मला म्हणालात कधी राणी?"

* * *

दिल्याने मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. म्हणे घोड्यासमोर नाकाने हळू फुंकलं की दोस्ती होते. गेला ऐटीत आणि फुंकला, "फुर्रर्र!"

चांदणी उधळली, आणि हा दचकून थेट शेणखताच्या ढिगात!

मी हसू दाबत धावलो. "लागलं का रे?"

"झालं ना तुझ्या मनासारखं, मेल्या!"

* * *

आणि मग कहर झाला. सुमन माझा डबा द्यायला आली. मी दिसलो नाही म्हणून बागेच्या दगडी गडग्यावर एकटीच बडबडत बसली. मी परत येऊन बघतो तर चांदणी तिचे केस हुंगतेय!

"काय केलंस तू?"

"काही नाही हो. तुमच्या तक्रारी सांगत होते. ती ऐकायला आली!"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दिल्यालाही नाही.

* * *

गुरांच्या डॉक्टर मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "घोडी नक्की कोणाची?"

"माझी!" मी आणि दिल्या एकदमच ओरडलो.

चांदणी घाबरून पळाली, ती सुमनच्या पाठीमागे.

* * *

सुमन लेकीकडे मुंबईला गेली आणि नेमका चांदणीचा खूर चिघळला. मॅडम जवळ गेल्या की ती लाथा झाडायची.

"आज साफ केला नाही, तर पाय वाचणार नाही," मॅडम म्हणाल्या.

मी मान खाली घालून सुमनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"चांदणे, उगी ऱ्हा गो. मी हाय ना..."

चांदणीने कान टवकारले. फोन धरून मी तिच्या तोंडाशी उभा, मॅडम खुरापाशी, आणि तिकडून सुमन बोलतेय. शेजारणीच्या सुनेपासून सुरमईच्या भावापर्यंत! चांदणी कापत होती, पण हलली नाही. पट्टी बांधून झाली. मॅडमनी सुस्कारा सोडला.

तेवढ्यात खांद्यावर काहीतरी जड, ऊबदार टेकलं. चांदणीची मान! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मी कुजबुजलो, "सुमन, अगं हिने माझ्या खांद्यावर मान टेकली!"

पलीकडून आवाज आला,

"उद्याच्या गाडीने येते मी!"