कोरड्या माळावरचं काळं तळं

आमच्या घरात कुणी म्हटलं "नजर लागली", की बाबा आधी चष्म्याचा नंबर विचारायचे. अशा घरात वाढले मी... त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. गेल्या वर्षापर्यंत मीही हसले असते.

मी संभाजीनगरचीच, सिडकोतली. आमची छोटी कंपनी जमिनीची चित्रं काढणाऱ्या रडार उपग्रहाचं डिझाइन करते. कॅमेऱ्याला ढग आडवे येतात, रडारला येत नाहीत. उपग्रह वर जाण्याआधी तसंच रडार लहान विमानाला लावून तपासायचं असतं. त्यासाठी मी कन्नड गावाच्या अलीकडचं एक माळरान निवडलं. दगडधोंडे, कुसळं, बाकी काही नाही. अशी खडबडीत जमीन रडारच्या चित्रात उजळ दिसते. शांत पाणी मात्र काळंकुट्ट, कारण लहर त्यावरून पलीकडे निसटते, परत येतच नाही.

पहिल्याच चित्रात माळाच्या मधोमध काळं तळं होतं. अगदी काठासकट!

"मॅडम, ये तालाब किधर से आया?" माझे सहकारी सलीमभाई म्हणाले.

मी म्हटलं, सॉफ्टवेअरचा घोळ असणार. पण चूक रडारची निघाली असती तर अख्खं डिझाइन बोंबललं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी भर उन्हात आम्ही दोघं तिथं जाऊन उभे राहिलो.

पाण्याचा टिपूस नव्हता. माळाच्या कडेला नामदेवभाऊ आणि गिरिजाबाई या जोडप्याचं पत्र्याचं घर आणि त्यांची मेंढरं. मेंढरं सरळ जात नव्हती — चित्रातल्या काठाकाठानं वळसा घालत होती.

"कायमच जात्यात तशी," नामदेवभाऊ म्हणाले. "आमी तं रोज मधून जातो की ताई. काय बी नाय तिथं."

सलीमभाई जीपीएस घेऊन आत चालत गेले. मध्यावर थांबले. मान मागं, तोंड उघडं, हात वर... आणि आवाज नाही. मला वाटलं चेष्टा करतायत, स्वभावच तसा त्यांचा. मग त्यांचे डोळे दिसले. नामदेवभाऊ आणि मी धावलो — आमच्या पायाखाली चांगली टणक जमीन होती — आणि त्यांना ओढत बाहेर आणलं. ते पालथे पडून ओकले. नुसतं पाणी. हिरवट, शेवाळाचा वास येणारं. अंगावरचा शर्ट मात्र कोरडा ठाक.

"पाँव टिकेच नै मॅडम," श्वास परत आल्यावर ते म्हणाले. "नीचे जमीनच नै थी."

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मीही तेच घट्ट धरून बसले. खोटं कशाला बोलू, दुसरं काही मानायची भीती वाटत होती.

पुढच्या उड्डाणाआधी आम्ही अँटेना बदलला, सॉफ्टवेअर बदललं. तळं होतं तिथंच होतं, फक्त मोठं झालं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला काठ नामदेवभाऊंच्या अंगणाला टेकला. ऑफिसात सगळ्यांनी "डेटातला दोष" म्हणून तेवढा भाग वगळून टाकला. मला ते जमेना, कारण त्या तेवढ्या भागात दोन माणसं राहत होती. मी फोन केला — आजच्या आज घर सोडा, टेम्पो पाठवते.

"पण पानी कुठंय ताई?" नामदेवभाऊ हसायला लागले. गिरिजाबाईंनी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"त्या साहेबाला ओकताना म्या पायलंय. निघतो आमी."

पुढच्या चित्रात त्यांचं घर नव्हतं. पत्रा रडारला लख्ख दिसतो, पण तिथं नुसतं काळं होतं. मी जाऊन आले. घर उन्हात धडधाकट उभं, दाराला कुलूप, अंगणात धूळ. माझी मात्र गाडीतून उतरायची हिंमत झाली नाही.

भूगर्भवाल्यांना विचारलं, रडारमधल्या जाणकारांना विचारलं. प्रत्येकानं आणखी चित्रं मागितली, म्हणून उड्डाणं चालूच आहेत.

नामदेवभाऊ सध्या कन्नडला मेव्हण्याकडे आहेत. दुसऱ्याच्या दारात माणूस किती दिवस पडून राहणार? दर उड्डाणानंतर त्यांचा फोन येतो. "ताई, घरी जाऊ का?" एवढंच विचारतात. मी चित्र उघडून बघते, आणि ज्या माळावर पाण्याचा थेंब नाही, तिथं जाऊ नका म्हणते.